टोपलीभर आजारपण

डोंबिवली (पूर्व), १० फेब्रुवारी २०२५

चि. रत्नदीप यास आईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

मी ठणठणीत आहे. हे सगळ्यात आधी लिहायला सांगितलं, कारण तिकडे क्वालालंपुरात म्हणे मी आजारी पडून आहे. मला ते काल फळांच्या टोपलीने सांगितलं. डिलिव्हरीवाला ही एवढी टोपली दारात ठेवून गेला. सफरचंदं, किवी, वर रिबीन. सोबतचं इंग्रजी कार्ड शकूने वाचून दाखवलं, की दर्शनाच्या आजीला लवकर बरं वाटो, वर्गातल्या सगळ्या आयांकडून. समोरच्या शालूने ते दारातूनच ऐकलं. संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग शहाळी घेऊन मला बघायला आली. मी तेव्हा स्टुलावर चढून पंखा पुसत होते.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. कागदावरून निसटता येत नाही, म्हणून शकूला लिहायला बसवलंय. ती याचा फोटो काढून तुला पाठवेल. मध्येच म्हणते, आई, दादाला एवढं कडक नको. मी म्हटलं, अगं, बँकेत साहेबांचं निमूट लिहून घेतेस ना, तसंच घे.

आता एवढंच सांग. आठवडाभर दर्शूचा फोन नाही. शाळेतून आली की दप्तर न काढता माझं डोकं खाणारी पोर गप्प कशी? मी आजारी असल्याचं तिलाही सांगितलंस का? सांगितलं असशील, तर या टोपलीत मावणार नाही एवढा राग माझ्याकडे आहे.

लोभ आहेच, तूर्त खुंटीला टांगलाय.

तुझी आई

*

क्वालालंपूर, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सविनय जयभीम.

आई, आधी माफी मागतो. दर्शूच्या शाळेत एक पद्धत आहे. दर शुक्रवारी कुणाचे तरी आजी-आजोबा व्हिडिओवर येऊन वर्गाला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवतात. आतापर्यंत एक निवृत्त जज आले, एक डॉक्टर आजी आल्या. दर्शूने हात वर करून तुझं नाव दिलं. मी घाबरलेलो. तुला कुणी हसू नये, एवढंच डोक्यात होतं. म्हणून बाईंना कळवलं की आईची तब्येत बरी नाही.

त्यापुढचं माझ्या हातात राहिलं नाही. वर्गातल्या आयांनी मेघनाकडे तुझा पत्ता मागितला, तिला नाही म्हणता आलं नाही. इथे कुणाच्या घरी आजारपण आलं की शाळेतल्या आया पाळी लावून रोज त्या घरी जेवण पोचवतात. सप्टेंबरपासून मेघना शाळेच्या गेटवर एकटी उभी असायची. सगळ्यांचे घोळके, हिला कुणी हॅलोसुद्धा करत नव्हतं. आता रोज बेल वाजते, कुणी कोरियन भात आणतं, कुणी लझानिया, दोन घटका बसून जातं. पहिल्यांदा हे घर घरासारखं वाटतंय. मग खरं सांगायचं राहूनच गेलं.

दर्शूलाही तेच सांगितलंय. ती शाळेत बोलून गेली असती. थोडे दिवस कळ काढ. मी हळूहळू तुला बरी करतो.

तुझा,
रत्नदीप

*

डोंबिवली (पूर्व), १३ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नदीप आणि चि. सौ. मेघना यांस जयभीम.

रत्नदीप, मला बरी करणारा तू कोण रे? मला कुणी हसू नये म्हणतोस. मला हसलेलं मी पुष्कळ बघितलंय, बँकेत, रेशनच्या रांगेत, तुझ्या शाळेतसुद्धा. तुझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवताना मी मान खाली घातली नाही. तू माझी नाही, तुझी लाज झाकलीस, आणि पांघरूण म्हणून माझं आजारपण घेतलंस. बाबासाहेबांनी शिका म्हटलं. मला नाही जमलं, तुम्हा दोघांना शिकवलं. शिकून झाल्यावर आईला लपवा, असं त्यांनी म्हटल्याचं शकूनेही कुठे वाचलेलं नाही. हे लिहिताना ती रडतेय. शाई फिसकटली तर तिचा दोष.

एवढीशी पोर तिथे आजी मरेल म्हणून झोपत असेल, आणि तुम्ही लझानिया खाताय.

मेघना, तुझं एकटेपण मला कळतं. मीही लग्न होऊन या शहरात आले तेव्हा नळावर कुणी बोलत नव्हतं. पण आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्या बायांची भांडी तुझ्या ओट्यावर असतील. त्यांत तिखट-मिठाच्या पुऱ्या भर, एकेकीच्या दारात जा, आणि सासू धडधाकट आहे, तिला वाचता येत नाही, असं सांगून ये. ज्या दार लावून घेतील त्यांना लावू दे. त्याआधी दर्शूला सांग.

बाकी आशीर्वाद द्यायचे ते तुमचं उत्तर बघून देईन.

आई

*

क्वालालंपूर, २३ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस सविनय जयभीम.

दर्शूला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती तुमच्याशी फोनवर किती रडली ते तुम्ही ऐकलंतच. बाबांशी मात्र अजून बोलत नाही.

भांडी परत केली. लझानियावालीने पुऱ्या घेतल्या, आणि शांतपणे म्हणाली की तिची स्वतःची आई दोन वर्षांपूर्वी गेली, अशा गोष्टीत खोटं बोलणं तिला सहन होत नाही. ती आता गेटवर मान वळवते. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुकशुकाट आहे. कोरियन बाई तेवढी घरी आली, दर्शूला घेऊन बागेत गेली.

हे माझ्यावर चिडलेत. मी त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं म्हणतात. आई, मला भीती वाटते, पण बरंही वाटतंय.

दर्शूच्या वर्गाच्या बाईंनी विचारलंय की पुस्तकाशिवाय गोष्ट सांगाल का. तुम्ही मराठीत बोला, दर्शू वर्गात उभी राहून इंग्रजीत सांगेल. येत्या शुक्रवारी. घरच्यांनाही वर्गात बोलावलंय. मी जाणार आहे. हे येतील की नाही, माहीत नाही.

तुमची,
मेघना

*

डोंबिवली (पूर्व), १ मार्च २०२५

चि. रत्नदीप यास आईचा जयभीम.

कालची गोष्ट झाली. बोकडाने सरपंचाचं पागोटं खाल्लं ती सांगितली. दर्शूने इंग्रजीत काय काय घातलं देव जाणे, माझ्या गोष्टीत नव्हतं तिथेही पोरं हसली. शेवटी कुणीतरी विचारलं की मी बोकडावर रागावले होते का. मी म्हटलं, बोकडावर कशाला, पागोटं उघड्यावर ठेवणाऱ्यावर रागवावं. त्यावर फक्त बाई हसल्या.

मेघना पुढेच बसली होती. तू आलास हे मला कळलं. तू कॅमेऱ्याच्या बाहेर, कडेच्या लहान खुर्चीवर होतास, पण तुझं कोपर पडद्यात येत होतं. निळ्या चौकडीचा शर्ट, गेल्या दिवाळीला मीच घेतलेला. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी सगळा वेळ तुझ्या कोपराकडे. एकदा ते हललं. मला वाटलं, उठलास. नाही उठलास.

राग गेलेला नाही. शकू म्हणते, आता तरी गोड लिही. गोड नाही लिहायचं. उद्या रविवार, तुला मीटिंग नसेल. फोन लाव, आणि या वेळी कोपर नको, तोंड दाखव.

तुझी आई