सुकं किट आणि कपड्याचा चिमटा

९ जानेवारी, शुक्रवार

तीन आठवडे झाले, वही उघडली नाही. आळस, दुसरं काही नाही. रोज म्हटलं आज लिहू, आणि रोज काहीतरी दुसरंच निघालं. आज रागात आहे म्हणून बसलो. राग आला की माझं अक्षर तरी नीट येतं.

दुर्गेशनं नायट्रसचं किट मागवलं, तेही ड्राय. मला विचारलं नाही. वडनेरचं हे गॅरेज त्याचं आहे, कबूल. पण गाडी माझी. म्हणजे बाबांची. अठ्ठ्याण्णवची झेन, जुनी कार्बोरेटरवाली. "ब्रेकचं काम करून आणतो" म्हणून आर्वीहून, घरून काढली, त्याला पाच महिने झाले.

गोष्ट साधी आहे. बाटलीतला गॅस इंजिनात सोडला की आग भडकते, गाडी पळते. पण आग वाढवली की पेट्रोलही वाढवावं लागतं. ड्राय किट नुसता गॅस सोडतं, जादाचं पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरनं द्यायचं. या झेनला इंजेक्टर आहेच कुठे! वेट किट गॅससोबत पेट्रोलचाही फवारा मारतं. आम्हाला वेटच पाहिजे. सोळा व्हिडिओ दाखवले त्याला.

म्हणे, "वेटमंदी पेट्रोल साचते. बॅकफायर झाला त फिल्टर उडून तुह्या तोंडावर येईन. ड्रायले नळी एक, कटकट नाई."

"आन पेट्रोल कोण पाजीन? तुहा मामा?"

"पाहू नं बे."

पाहू! या माणसाची सगळी इंजिनियरी या एका शब्दावर चालते.

११ जानेवारी, रविवार

शर्यतीचा फॉर्म भरला. नागपूरच्या पलीकडे कोणाची तरी खासगी धावपट्टी आहे, तिथे पुढच्या रविवारी. पाव मैल, एकटी गाडी, घड्याळाशी लढत. फॉर्मात जवळच्या नातेवाईकाचा नंबर पाहिजे. बाबांचा टाकला. दुसरा कोणाचा पाठ नाही.

गाडी काढली त्याच सकाळी ते म्हणाले होते, "आयटीआय अर्धं. इंदूर अर्धं. रायपूर अर्धं. एक काम पुरं करून दाखव, मंग बोलजो माह्याशी." तीस वर्षं एसटी चालवली माणसानं, एक ओरखडा नाही. त्यांना बोलायला काय जातं.

एक धाव मारायची. पुरी, नीट. वेळेची चिठ्ठी घ्यायची, गाडी नेऊन दारात उभी करायची. मंग बोलू.

१३ जानेवारी, मंगळवार

स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असा दिवस.

दुर्गेश मानला होता. ड्रायचं वेट करता येतं — पेट्रोलसाठी आणखी एक व्हॉल्व्ह, नळीला एक टी-जोड, दोन तोंडांचं नोझल. वर्ध्याच्या एका दुकानदारानं सामान काढूनही ठेवलं होतं. सकाळी सातला निघालो. वाटेत एका गावाबाहेर शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत! म्हटलं, दोन जोड्या पाहू. त्यात एक पांढरी जोडी अशी सुटली की हाकणारा धुरकरी पुरता आडवा झाला, पण कासरा सोडला नाही. मंग म्हटलं फायनल पाहू. मंग कोणीतरी जेवायला बसवलं.

दुकानापाशी पोचलो तर कुलूप आणि पाटी — संक्रांतीनिमित्त सोमवारपर्यंत बंद. शेजारचा म्हणाला, "तो त दुपारवरी तुमची वाट पाहून गेला नं, भाऊ."

बाबांचे दोन मिस्ड कॉल. गाडी कुठं हाये, हेच विचारणार. उचलला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

दुर्गेशच्या बहिणीनं, स्वीटीनं, तिळगूळ दिला. गोड बोला म्हणे. तोंड बंद ठेवलं, तेवढंच जमलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

इंजिन गेलं.

क्रमानं लिहितो, नाहीतर सगळं दुर्गेशवर ढकलून मोकळा होईन. काल ड्राय किटच बसवलं. तो म्हणाला, "चोक ओढला की कार्बोरेटर जादा पेट्रोल पाजते. अर्धा ओढून ठेव. झालं तुहं वेट." चोकची तार ढिली, खुंटी ओढली की परत आत सरकते. म्हणून त्यानं स्वीटीच्या दोरीवरचा कपड्याचा चिमटा आणून तिला लावला. आम्ही दोघंही हसलो. मला माहीत होतं हे चुकीचं आहे. सोळा व्हिडिओ मी पाहिले होते, त्यानं नाही. तरी हसलो.

आज सकाळी शेताकडच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला गॅसचं बटण दाबलं. दोन सेकंद पाठ सीटला चिकटली. असं आयुष्यात कधी पळालो नाही. मंग चिमटा निसटून माझ्या पायावर पडला. चोक आत, म्हणजे जादाचं पेट्रोल बंद, गॅस चालूच. डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज. मला बटण सोडवेना. सोडलं तेव्हा मागे नुसता निळा धूर.

हेड उघडलं. तिसरा प्लग पांढराफटक, पेट्रोल कमी पडल्याची खूण, टोक वितळलेलं. त्याखालच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

दुर्गेशला नाही नाही ते बोललो. तो हात पुसत म्हणाला, "बटन कोनं दाबलं?"

रायपूरला ज्याच्याकडे आधी काम करत होतो, त्या ताराचंदभाऊचा फोन होता. ट्रकवर माणूस पाहिजे, सोमवारपासून. हो म्हटलं. गाडी पडू दे इथेच. बाबांना दुर्गेश सांगेल कधीतरी.

१७ जानेवारी, शनिवार

बॅग भरत होतो, तर स्वीटी दारात. "अश्वजितदादा, तुह्ये बाबा आले. एसटीनं. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा."

बाकीचंही तिनंच सांगितलं. शर्यतवाल्यांनी मंगळवारी त्यांना फोन केला होता — पोरगा धावणार आहे, तुमची हरकत नाही ना? नाही म्हणाले. तेच सांगायला मला दोनदा फोन लावला.

आता बाबा गॅरेजात दुर्गेशला विचारून राह्यले, "उद्या किती वाजता निघाचं?" दुर्गेशनं बोनेट खाली केलं आणि माझ्या खोलीकडे बोट दाखवलं, म्हणे.

पांढरा प्लग माझ्याच खिशात आहे. जातो सांगायला.