न झालेल्या आग्रहाची तक्रार

इंदिरानगर, नाशिक
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

तीर्थस्वरूप शुभांगीमावशीस,

योगिनीचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण परवा तुमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये वाकून उभी राहिल्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच पण मनापासून केलेला समजावा. तुझी साखर आटोक्यात असेल, काकांचा खोकला गेला असेल आणि तुझा किशोर माझ्यावर अजून चिडलेला नसेल, अशी आशा करते. (चिडला असेल तर त्याला म्हणावं, त्या क्रेटबद्दल मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं आहे. वाईट वाटून घेण्यात माझा हात धरणारा आपल्या खानदानात कुणी नाही.) इकडे आई उत्तम आहे. तिला इतकी उत्तम बघून माझीच तब्येत जरा नरम आहे.

हातात फोन असताना ही पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणशील. मावशी, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागच्या वर्षी मी तुला माझं एक अगदी बायकी दुखणं सांगत होते, तेव्हा पलीकडून कुणा पुरुषाने रोज भिजवलेल्या मेथ्या खायला सांगितल्या होत्या. (खाल्ल्या. गुण आला. तरीही.) शिवाय इथे आई कान देऊन असते. म्हणून हे पत्र तिने तुझ्यासाठी भरलेल्या कुरडयांच्या पिशवीत अगदी तळाशी घालणार आहे. पिशवी न्यायला किशोर उद्या येणार आहे.

तर मुद्दा असा, की मला रॉटरडॅमला जाऊन आता अठरा वर्षं होतील आणि तितकीच वर्षं मला अपराधी वाटतं आहे. महेशला, म्हणजे तुझ्या जावयाला, तसलं काही वाटत नाही. त्याला फक्त मिसळ आठवते, आणि ती आठवून झाली की तो पाव खाऊन कामाला जातो. माझं तसं नाही. आपण आपला देश सोडला, आईला सोडलं, इथल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत पडायला इतरांना ठेवून आपण गुळगुळीत सायकल चालवतो आहोत, हे मला रोज सायकल चालवताना वाटतं. (सायकल मात्र थांबत नाही.) त्यात फेब्रुवारी आला की आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नाशिकची द्राक्षं येतात. मी त्या डब्यांसमोर माहेरचं माणूस भेटल्यासारखी उभी राहते. एकदा पैसे घेणाऱ्या बाईला भरल्या डोळ्यांनी सांगितलं, की ही माझ्या गावची आहेत. तिने पिशवी हवी आहे का विचारलं. सृष्टी, म्हणजे तुझी नात, त्या दिवसापासून माझ्याबरोबर दुकानात येत नाही.

तेव्हा या खेपेला मी ठरवूनच आले, की हा विषय कायमचा मिटवायचा. एक तर आईला घेऊन जायचं, नाहीतर आपणच परत यायचं. विमानात भाषण तयार केलं. शेजारच्या प्रवाशाला ते दोनदा ऐकवलं, दुसऱ्या खेपेला त्याने झोपेचं सोंग घेतलं. घरी दार उघडल्यावर आई म्हणाली, "आलीस? चप्पल बाहेरच काढ, फरशी ओली आहे." फरशी संजनाने पुसली होती. संजना ही सुरगाण्याकडची मुलगी, इथे नर्सिंगच्या कॉलेजात आहे. ती माझ्या खोलीत राहते, माझ्या पलंगावर झोपते आणि माझ्या आईकडून केसांना तेल लावून घेते. मी हॉलमध्ये दिवाणावर. चांगली पोर आहे, हे मी दात न खाता लिहिते आहे. तिला मी एकदा मोठ्या बहिणीच्या मायेने विचारलं, की गाव सोडल्याचं वाईट वाटतं का गं? ती म्हणाली, "दिवाळी झाली का आमचं अर्धं गाव निफाडला बागांच्या कामाला येतं ना ताई. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." आणि मग तिनेच मला विचारलं, तुम्हांला कोण विचारतं? मावशी, मला कोणीच विचारत नाही. माझं मीच विचारते, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर.

आईला घेऊन जाण्याचा बेत पहिल्या दिवशीच बारगळला, कारण तिला वेळ नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर तिचा कंपू जमतो, दुपारी कुरडयांच्या ऑर्डरी, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघ. या संघात तिने माझं व्याख्यानही ठेवून टाकलं, मला न विचारता. विषय होता 'मातृभूमीचं ऋण'. मी जीव तोडून बोलले. मुळांपासून तुटण्याबद्दल बोलताना माझा आवाज भरून आला, तेव्हा ज्ञानेशकाका (हे संघाचे खजिनदार, त्यांची ओझरकडे बाग आहे) उठले आणि म्हणाले, "ताई, आमच्या बागेत सगळी मुळं अमेरिकेचीच असतात. वर कलम फक्त आपलं. द्राक्ष गोड लागतं." सभा खूश झाली. पण खरा घोटाळा नंतर झाला. मला इतकं अपराधी वाटतं हे ऐकून सगळ्या आईवडिलांनी घरी जाऊन आपापल्या मुलांना फोन लावले, की तुला का नाही वाटत? दोघांच्या मुलांनी अमेरिकेतून आईला फोन करून विचारलं, की तुमच्या कन्या परत कधी जाणार आहेत. आईने त्यांना माझ्या विमानाची तारीख सांगितली. लगेच. तोंडपाठ.

इथून माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

तुझी बहीण आग्रहासाठी सगळ्या इंदिरानगरात प्रसिद्ध आहे हे तुला सांगायला नको. तिच्या उंबऱ्यातून कुणी सरळ गेलेलं नाही. मी दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला होता, तिकडून तिच्यावर लक्ष ठेवायला. (अपराधी वाटणाऱ्यांसाठी बाजारात पुष्कळ वस्तू मिळतात.) त्या कॅमेऱ्यात मी काय बघितलं असेल? पाणी शुद्ध करायचं मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस निघाला, तर ही म्हणते, थांब की, एवढ्या उन्हात कुठे निघालास. तो बसला, जेवला आणि आंबा खाऊन गेला. कुरिअरवाल्याला म्हणते थांब. मीटरचा आकडा घ्यायला येणाऱ्या बाईला म्हणते, आजच्या दिवस राहा ना. मीटरवाल्या बाईला, मावशी. मी रॉटरडॅममध्ये ऑफिसातल्या मीटिंगला बसून, टेबलाखाली फोन धरून हे बघितलं आहे. आणि मला, पोटच्या मुलीला, अठरा वर्षांत तिने एकदाही 'राहा' म्हटलेलं नाही. दरवर्षी मी निघाले की तिचं एकच वाक्य असतं: पासपोर्ट घेतलास?

या खेपेला मी हा आग्रह मिळवायचाच असं ठरवलं. आधी साधा उपाय केला, बॅग आठ दिवस अगोदर हॉलच्या मधोमध उघडून ठेवली. तिने तिच्यात कुरडया वाळत घातल्या. मग मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की वाटतंय तिकीट पुढे ढकलावं. ती म्हणाली, दंड पडतो ना गं? मग मी आजारी पडले. (अर्धी खरी, कारण मधल्या काळात पॅकहाऊस आणि कंबर झाली होती.) तिने ओव्याने शेकलं, संजनाकडून माझा ताप मोजून घेतला, आणि ताप नाही हे कळल्यावर म्हणाली, म्हणजे प्रवासाला हरकत नाही. शेवटी काल मी कण्हत म्हटलं, की आई, तुला इथे एकटं सोडून जायला माझे पाय निघत नाहीत. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि विमानात घालायला जाड मोजे काढून दिले.

पॅकहाऊसचं तर तू डोळ्यांनी बघितलंस. पण माझी बाजू तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. मी तिथे आले ती काही मजा म्हणून नाही. मला वाटलं, आपल्या मातीतला माल आपल्याच हाताने भरावा, तेवढंच ऋण फिटेल. टोपी घातली, हातमोजे घातले (एक मोजा मग काढला, कारण मोज्यातून मातृभूमी लागत नव्हती), आणि एकेक घड हातात घेऊन, दोन्ही तळव्यांत धरून, जरासा कुरवाळून डबीत ठेवू लागले. मला वाटलं, बाकीच्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघतायत. त्या घाबरलेल्या होत्या. किशोर आला, त्याने क्रेट उजेडात धरला, आणि तेव्हा मला दिसलं, की बाकीच्या घडांवर ती पांढुरकी पावडर जशीच्या तशी आहे, अन् माझे घड लग्नातल्या नवरदेवासारखे चकचकीत. ती पावडर पुसली की माल बाहेर जात नाही, घड फक्त देठाला धरायचा असतो, हे निफाडच्या बागायतदाराच्या नातीला ठाऊक असायला हवं होतं. किशोर बिचारा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तू माया केलेला एक बी घड आता तिकडं जायचा नाय. इथंच विकावा लागंल." तो क्रेट तू मला भेट म्हणून दिलास. आम्ही तिघी तेव्हापासून तीच द्राक्षं खातो आहोत. आईला मी सगळी हकीगत सांगितली. ती इतरांसारखी हसली नाही. एक घड देठाला धरून उचलला, उजेडात बघितला आणि परत ठेवला.

असो. परवा पहाटे मी निघते. मुंबईपर्यंतची गाडी आईने ठरवून दिली आहे, अर्थातच वेळेआधीची. तू तब्येत सांभाळ, गोळ्या वेळेवर घे, काकांना माझा नमस्कार सांग, आणि बेदाणे पाठवू नकोस, बॅगेत जागा नाही. (पाठवायचेच असतील तर थोडे, आणि किशोरबरोबर.)

तुझी,
योगिनी

ता. क. आता मुद्द्याचं. मावशी, तू आईला एक फोन कर आणि तिला सुचव, की योगिनीला एकदा 'राहा' म्हण. माझं नाव न घेता सुचव. जोर देऊन म्हणायला नको, मीटरवाल्या बाईला म्हणते तेवढं पुरे. मी राहणार नाही, घाबरू नका. सृष्टीची परीक्षा आहे, नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. मी 'नाही गं आई, जायलाच हवं' असं म्हणेन, दोघी जरा रडू आणि मी रीतसर जाईन. मला राहायचं नाहीये, मला फक्त थांबवलेलं हवंय. चाळिशी उलटलेल्या बाईने हे लिहावं याची मला लाज वाटते, पण वाईट वाटायच्या माझ्या यादीत तेवढी एक भर.

ता. क. २. पुन्हा वाचल्यावर वाटलं, की नको. सांगून केलेला आग्रह म्हणजे आपणच आपली ओटी भरून घेतल्यासारखं. फोन करू नकोस. अगदी सहज विषय निघाला तरच कर. विषय काढलास तरी चालेल.

ता. क. ३. खरंच तिने म्हटलं आणि मी खरंच राहिले तर काय, हा विचार आत्ता पहिल्यांदाच आला. काही झालं तरी फोन करू नकोस.

*

शुभे,

मी भरलेल्या पिशवीत हात घालून तिने कुरडया दाबल्या म्हणून मी सगळी उपसली, तर हे निघालं. माझा चष्मा सापडेना, संजनाने वाचून दाखवलं. मीटरवालीचं वाचताना ती हसत सुटली. नंतर हसायची थांबली.

तू मला काही सुचवू नकोस. त्या मीटरवालीला घाई असते, ती थांबायची नाही हे माहीत असतं, म्हणून तोंडभर म्हणता येतं. ही थांबेल. मी एकदा म्हणायचा अवकाश, बॅग रिकामी करून बसेल, आणि मग तिकडे ती पोर आणि महेशराव. आबा मुंबईला पेट्या पाठवायचे तेव्हा आपल्या दोघींच्या हातावर चापटी मारायचे, आठवतं का? लांब जायचा घड असेल तर मण्यांना हात लावायचा नाही. तू तेव्हाही लावायचीस. मी शिकले.

कुरडया तळताना तेल चांगलं तापू दे. निळ्या झाकणाचा डबा परत पाठव. पत्र मी होतं तसं तळाशी ठेवते आहे, तिला सांगू नकोस.

ती गेली की परवा संध्याकाळी मला फोन कर. त्या एका वेळेला तेवढा स्पीकर बंद ठेव.

अक्का