बारदान वजा करून पंधरा किलो

बंगळुरू,
मंगळवार, दुपार

आदरणीय सत्यभामाताईस,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. तुझ्या उजव्या हाताचे प्लास्टर कधी निघणार, डॉक्टर काय म्हणतात, आणि तू त्या हाताने काही उचलत तर नाहीस ना, हे आधी कळव. (उचलत असशील. तुला मी पन्नास वर्षे ओळखतो.) इकडे तुझी समीक्षा बरी आहे, बाळ बरे आहे. जावईबापू अतुलराव सकाळी नऊला ऑफिसात जातात, म्हणजे पलंगावरून उठून खुर्चीवर बसतात. बरा नाही तो फक्त मी. नागपूरच्या विमानतळावर जे घडले त्याचा धक्का इतका मोठा आहे की चार दिवस झाले तरी मी मोठ्या आवाजात बोललेलो नाही. यावरून तू काय ते समज.

निघताना तू डब्यावर डावा हात ठेवून म्हणाली होतीस, "संघदीप, हे लाडू समीक्षाच्याच हातात दे. बाळंतिणीचे आहेत. इकडेतिकडे वाटत बसू नको." बावन्न डिंकाचे लाडू तू एका हाताने, तेही डाव्या हाताने बांधलेस, हे मी विसरलेलो नाही. सगळे पत्र वाचेपर्यंत हे वाक्य लक्षात ठेव, की मी ते विसरलेलो नाही.

विमान कंपनीचा नियम होता, मोठ्या बॅगेत पंधरा किलो आणि हातातल्या पिशवीत सात. मी नियमाचा माणूस आहे. ज्यांनी आपल्याला लिहायला-वाचायला लावले त्यांनी नियम वाचायलाही लावला, असे मी दर सभेत सांगतो. म्हणून मी सुटकेस घेऊन सरळ रामराव अडत्याच्या काट्यावर गेलो. ज्या काट्यावर अख्ख्या ढाणकीचे सोयाबीन मोजले जाते त्याच्यावर माझ्या चार कपड्यांचा भरवसा नसावा काय? रामरावांनी सुटकेसकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, बारदान किती?" आता पोत्यात माल असेल तर आधी पोत्याचे वजन वजा करायचे, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. मागच्या हंगामात याच मुद्द्यावर मी दीड तास बोललो होतो, तूही ऐकलेस. (तू मध्येच उठून गेलीस, पण घरी ऐकू येत होते.) तेव्हा सुटकेस रिकामी करून मोजली, भरली चार किलो. माझ्या लग्नातली आहे, आत लाकडी पट्ट्या आहेत. मग भरून मोजली, एकोणीस. वजाबाकी रामरावांनी स्वतः केली आणि चिठ्ठीवर लिहून दिले, "निव्वळ १५ किलो", खाली सही.

त्या पंधरा किलोंचा हिशेब असा. लाडू चार, तूरडाळ दोन, पुस्तके सहा, आणि तुझा स्टीलचा डबा, बाळाची दुपटी व माझे दोन सदरे मिळून तीन. पुस्तके बाळासाठी होती. हसू नकोस. टोपरी कोणीही देईल, विचार कोण देणार?

विमानतळावर काउंटरवर एक मुलगी होती, छातीवर नाव निकिता. तिने सुटकेस पट्ट्यावर ठेवायला लावली आणि म्हणाली, "काका, चार किलो जास्त आहे." मी हसून चिठ्ठी पुढे केली. तिने ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मी शांतपणे (माझ्या मानाने शांतपणे) समजावले की बाई, हे चार किलो म्हणजे बारदान आहे, माल पंधराच आहे, प्रमाणित काट्यावर तिसऱ्या माणसासमोर मोजलेला आहे. ती मुलगी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "काका, मी राळेगावची आहे. माह्या बाबाच्या सोयाबीनचं बारदान मीच मोजते. पण इथं बारदान बी उडते ना."

ताई, मी असंख्य वादविवाद केले आहेत. बारदान उडते! इतकी वर्षे मी बारदानावर बोललो, पण ते उडू शकते ही शक्यता माझ्या कोणत्याही भाषणात नव्हती.

तिने जादा वजनाचे जे शुल्क सांगितले त्यात ढाणकीचे तीन जण एस.टी.ने नागपूरला जाऊन, जेवून परत येतील. ते मी भरणार नव्हतो. कंजूषपणा म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. हातातल्या पिशवीत जागा नव्हती. तिथे माझ्या भाषणांची टिपणे होती, बरोबर सात किलो. म्हणजे काहीतरी काढणे भाग होते. मी सुटकेस सगळ्यांसमोर फरशीवर उघडली, आणि ज्या क्षणी ती उघडली त्या क्षणी तुपाचा आणि डिंकाचा असा वास सुटला की रांगेतली माणसे आपोआप जवळ आली. ताई, माणसे जवळ आली की माझे काय होते ते तुला माहीत आहे.

मी बोललो. साधारण वीस मिनिटे बोललो. म्हणालो, माणसाच्या प्रेमाला वजन लावणाऱ्या या व्यवस्थेला मी एक कवडीही देणार नाही, त्यापेक्षा हे प्रेम मी जनतेत वाटीन. टाळ्या पडल्या. विमानतळावर टाळ्या पडणे सोपे नाही. आणि टाळ्या सुरू असतानाच माझा हात डब्यात गेला. हैदराबादला जाणारे एक गृहस्थ दोनदा आले. पहारेकऱ्याने "लाईन में रहो, भाई" म्हणत दोन खिशात टाकले. निकिताने ड्युटीवर खाता येत नाही म्हणून कागदात बांधून घेतला. डब्याचा तळ दिसला तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटत होते.

तेवढ्यात मुलाकडे निघालेली एक म्हातारी, तानाबाई नावाची, अर्धा लाडू तोंडात धरून मला म्हणाली, "भाऊ, हे तं बाळंतिणीचे लाडू व्हय. कोण बाळंत झालं?"

"माझी भाची," मी म्हणालो.

"मंग आमाले काहून चारून राह्यला?"

ताई, त्या बाईने उरलेला अर्धा लाडू तोंडातून काढून माझ्यापुढे धरला. बिचारी परत द्यायला निघाली होती. मी हात जोडले. सुटकेस पुन्हा मोजली, बरोबर पंधरा भरली. सहा किलो पुस्तके सुखरूप होती. ती काढता आली असती हे मला विमान ढगांत गेल्यावर सुचले.

माझी चूक झाली असे मी म्हणत नाही. भावना योग्य होती, फक्त जनता चुकीची होती. बाकी सर्व क्षेम. हाताला जप.

तुझा धाकटा भाऊ,
संघदीप

ता.क. हे फोनवर सांगितले असते, पण घर दोन खोल्यांचे आहे आणि समीक्षाचे कान तुझ्यावर गेले आहेत. तुझा फोन आला की चार दिवस मीच का उचलतो आणि "रेंज नाही" म्हणून का ठेवतो, हे आता तुला कळले असेल.

ता.क. २. खरे काम असे. मी समीक्षाला सांगितले आहे की आईचा हात दुखत असल्यामुळे लाडू अजून झालेच नाहीत. तर तू तेच सांग. आयुष्यभर सत्याची बाजू घेतलेल्या भावासाठी एकदा एवढे खोटे बोल. आणि रामरावांच्या विजयमालावहिनींकडून पुन्हा बावन्न बांधून घे, तू नुसती शेजारी बसून सांग. डिंकाचे पैसे मी देईन.

ता.क. ३. आई, मी समीक्षा. मामानं पाकिटावर पिनकोड टाकाले पत्र माह्याजवळ देल्लं, मी वाचून घेतलं. डबा मले पह्यल्याच दिवशी दिसला होता, आत नुसता वास. खोटं कायले बोलू, रडू आलतं मले. तू डाव्या हातानं कसे बांधले असशील ते डोळ्यापुढं येत होतं. पण मामाचं तोंड पाहून मी काही म्हटलं नाही, तूही म्हणू नको. प्लास्टर निघाल्याशिवाय लाडवाचं नाव घेऊ नको, अन् मामाले एवढ्यात वापस बलावू नको. पोरगी रडाले लागली की हा पाळण्यापाशी उभा राहून हळू आवाजात विमान कंपनीवर बोलते अन् बाळ दुसऱ्या वाक्याले झोपते. काल तं पूर्ण भाषण झालं. आई, बाळंत झाल्यापासून पह्यल्यांदा मी सलग दोन तास झोपली.