आईला बहरीनमध्ये बसू दिलं नाही, त्याबद्दल

मंगफ, कुवेत
शुक्रवार, सुट्टीची दुपार

ती. विनितामावशीस,

शशिकांतचा तुला आणि काकांना वाकून नमस्कार. काकांचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे बाहेर भट्टी, घरात एसी आणि त्यामुळे सगळ्यांना सर्दी. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी आई बसलेली असते. आमच्या रिफायनरीतला प्रीतम नाशिकला निघालाय, त्याच्या हाती पाठवतोय. एकटी असताना वाच.

आई तुझ्याकडे राहायला आल्यापासून बहरीनबद्दल काही बोलली का? बोलली असेल तर ते सगळं खरं आहे. नसेल बोलली, तर जास्त वाईट.

इथे तिचे दिवस कसे जायचे ते तुला सांगतो. मी पहाटेच मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामावर, पद्मजा तिच्या शाळेत शिकवायला, आणि सलोनी (आजी मराठीत विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते, दोघींनाही आपण बोललो असं वाटतं) तिच्या खोलीत. सातव्या मजल्यावर आई एकटी. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या फिलिपिनो बाईलाही ती मराठीत विचारायची, आज काय केलंस गं जेवायला. म्हणून ईदच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून तिला बहरीनला न्यायचं ठरवलं. एवढंसं बेट, विमानाने तासाभराचं. रिफायनरी दुरुस्तीला बंद ठेवतात, त्या शटडाऊनचं आखतात तसं मी सहलीचं वेळापत्रक आखलं. (आमच्याकडे असं वेळापत्रक पाळलं नाही तर रिफायनरी पेटते. बहरीनमध्ये काहीच पेटणार नव्हतं, हे लक्षात यायला हवं होतं.)

सकाळी मुहर्रक गावातल्या जुन्या गल्ल्या. पूर्वीच्या मोत्यांच्या व्यापाऱ्यांची घरं, नक्षीचे लाकडी दरवाजे. मी मोबाइलवरची माहिती मोठ्याने वाचत पुढे चाललो होतो, ऐकायला कोणी नाही हे बऱ्याच वेळाने कळलं. वळून पाहिलं, तर आई एका दाराशी बाकावर बसलेली आणि तिचा हात काळ्या अबायातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातात! रबिया तिचं नाव. वडील मोत्यांच्या धंद्यात, त्यामुळे लहानपण मुंबईत गेलेलं. आईची साडी पाहून तिनेच हाक मारली होती, "ए बाई, इकडे ये, बस ना!" पुढचं सगळं मोडक्या हिंदीत, पण मावशी, दोघी अशा बोलत होत्या की जणू मधल्या सुट्टीतून वर्गात परत आल्यात. गुडघे, सुना, मुलं फोन करत नाहीत ते. (मी तिथेच उभा होतो.) आतून चहा आला. आई इतकी हसताना मी कुवेतमध्ये एकदाही पाहिली नव्हती. रबियाबाई म्हणाल्या, जेवूनच जा.

आणि मी घड्याळ पाहिलं. वेळापत्रकातला किल्ला राहिला होता.

"तुम्ही जाऊन या," आई म्हणाली. "मी इथेच बसते."

परक्या देशात, परक्या घरी आईला कसं सोडायचं? संध्याकाळी परत येऊ, असं म्हणून मी तिला उठवलं. रबियाबाईंनी हात लगेच सोडला नाही.

किल्ला आईने गाडीतून पाहिला. मग वाळवंटात एकटंच उभं असलेलं ते प्रसिद्ध झाड. शेकडो वर्षांचं, आसपास पाण्याचा टिपूस नाही, जगभरातून लोक येतात, असं मी वाटभर सांगत होतो. आई झाडाला फेरी मारून आली, पानं निरखली आणि म्हणाली, "शशी, ही शमी आहे रे. आपल्याकडे गणपतीला वाहतो ती. हिच्यासाठी उठवलंस मला?"

संध्याकाळी गल्ली सापडेना. सकाळी मी सगळ्या दरवाजांचे फोटो काढले होते, त्या एका सोडून. आमचा टॅक्सीवाला तौफीक दुकानादुकानांत विचारत फिरला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाताना घर मिळालं. दाराला कुलूप. बाई ईदसाठी मुलीकडे गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. आई तरी त्या बाकावर थोडा वेळ बसली. मग स्वतःच उठली आणि म्हणाली, "चल, तुझं विमान चुकेल."

त्यानंतर तिने नाशिकला परतण्याचा धोशा लावला. ठरल्यापेक्षा आधीच तिचं तिकीट काढावं लागलं. निघताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "खूप दाखवलंस रे," म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं, मावशी. ती मनापासून म्हणाली.

इकडची काळजी नसावी.

तुझा,
शशिकांत

ता. क. तौफीकचा फोन आला होता. रबियाबाई परतल्या आहेत आणि नाशिकची बाई कधी येणार म्हणून रोज त्याच्या मागे लागल्या आहेत. आई मला "आता पुरे प्रवास" म्हणते. तू तिला डिसेंबरसाठी तयार कर. या खेपेला काहीही बघायचं नाही, फक्त बसायचं.

ता. क. दुसरा. पद्मजाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, डिसेंबरात ती, आई आणि सलोनी अशा तिघीच जातील. सलोनीनेही "बाबा, यू स्टे होम," असं मायेने सुचवलंय. आईला पटवताना हे आधी सांग. लवकर तयार होईल.