सहावी चिठ्ठी

प्रिय ल्युबेन,

परवा तुझी मुलाखत लागली तेव्हा नेवेनाने मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणाली, "बघा, तुमचा मित्र किती मुद्देसूद बोलतो! आणि केस बघा, अजून एकही पिकला नाही." मी म्हटलं, "रंगवतो तो." ती म्हणाली, "मग तुम्हीही रंगवा, कोण नको म्हणतंय?" चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं पोट नेमकं कशाने दुखतं, ते औषधवाल्यापेक्षा जास्त कळतं.

इकडे आमच्या फुटबॉल क्लबचं तसंच चाललंय. शनिवारच्या सामन्याला त्र्याऐंशी माणसं होती. सगळ्यांना मी नावाने ओळखतो. अर्धी सूर्यफुलाच्या बिया सोलायला येतात, अर्धी मला शिव्या द्यायला. त्याच वेळी चौकातल्या खानावळीत टीव्हीवर परदेशातले सामने बघायला बसायला जागा नव्हती. आपल्याच गावची माणसं, दुसऱ्यांच्या गावच्या क्लबांचे मफलर गळ्यात घालून! आमच्या संघात या वर्षी गावातला म्हणावा असा एकच खेळाडू आहे. बाकीचे कुठून कुठून येतात आणि त्यांची नावं पाठ होईपर्यंत निघूनही जातात.

म्हणूनच तुझी योजना वाचली तेव्हा मी थक्क झालो. लीगमध्ये सोळाऐवजी दहाच क्लब, म्हणजे प्रत्येक सामना चुरशीचा. आधी मैदानं दुरुस्त, मगच परवाना. सामने दुपारी, म्हणजे बायकापोरं येतील. आणि प्रत्येक संघात गावातच घडलेले निदान तीन खेळाडू. ल्युबेन, योजना चांगली होती. तुला हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर जीभ झडली नसती.

तुला आठवतं, आपण दोघं एकाच संघात होतो तेव्हा पास मी द्यायचो आणि गोल तू मारायचास. लोक तुला खांद्यावर घ्यायचे. मी तुझे बूट हातात घेऊन मागून चालायचो आणि हसायचो. ते हसू खोटं होतं. तू राजधानीत गेलास, प्रशिक्षक झालास, महासंघात बसलास. मी या गावच्या क्लबचा अध्यक्ष झालो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. प्रत्येक वेळी मी तुला अभिनंदनाची तार, फोन, बाटली पाठवली. प्रत्येक वेळी दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग महासंघाच्या त्या सभेत तू ही योजना मांडायला उभा राहिलास. म्हणालास, "गावातलं पोर मैदानात असेल तर त्याची आजीसुद्धा सामन्याला येईल." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ते वाक्य माझं होतं, ल्युबेन. माझ्या अंगणात, द्राक्षाच्या वेलाखाली बसून मी तुला ते सांगितलं होतं. तू "माझा एक मित्र म्हणतो" एवढंच म्हणालास. नाव घेतलं नाहीस. कदाचित सुचलं नसेल. पण माझ्या शेजारी बसलेला आपला कामेन, तोही माझ्यासारखाच एका क्लबचा अध्यक्ष, कोपराने ढोसून म्हणाला, "कोण रे हा शहाणा मित्र?" आणि मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्या. अकरा मतं हवी होती, दहाच पडली. पाच क्लब उघडउघड विरोधात होते. विरोधातला सहावा कोण, हे तू स्वतःच ठरवून टाकलंस: कामेन. त्याचा क्लब सगळ्यात तळाला, दहांत तो बसला नसता, म्हणून. तू फोनवर मला म्हणालास, "त्या सापाला आपण एका ताटात जेवू घातलं रे!" मी ऐकून घेतलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला तू गेला नाहीस. मी गेलो. त्याने तुझी खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसायला दिली नाही. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओग्न्यान, पोरीची शपथ, मी होच लिहिलं होतं. आमचा क्लब बुडाला असता, तरी लिहिलं. तुझं ऐकेल तो. सांग ना त्याला." साठीचा माणूस रडत होता आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. तोच हात.

सहावी चिठ्ठी माझी होती. लीगच्या भल्याचा, क्लबच्या भल्याचा कसलाही विचार त्यात नव्हता. तुला आणखी एकदा लोकांनी खांद्यावर घेतलेलं मला बघवलं नसतं, एवढंच. हे पत्र तू कामेनला दाखव, किंवा आधी त्याला फोन कर आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव. मी महासंघाला लिहिलंय की मार्चच्या सभेत योजना पुन्हा ठेवा, आणि या वेळी चिठ्ठ्या नकोत, हात वर करून मतदान घ्या. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तू टीव्हीवर दिसलास की पोटात दुखणारच. पण हात वर करीन, सगळ्यांच्या देखत, सगळ्यात आधी.

तू मानलंस तर अजूनही तुझाच,
ओग्न्यान