सायलीच्या मुलीचे पाय

मुळगाव,
बुधवार, २२ एप्रिल २०२६

सुमंगलावयनीस धाकट्या जावेचा नमस्कार.

आम्ही इथे ठीक. काजू यंदा कमी धरला. ह्यांचा खोकला आहे तसाच. तुमचे गुडघे कसे, हे विचारायची रीत म्हणून विचारते. फोनवर तुम्ही माझं बोलणं अर्ध्यावर तोडता, म्हणून ही चिठी. चौथीपर्यंत शिकलेय, चुका असतील. चुकांसकट वाचा.

तुमच्या निलेशने तुमचा निरोप दिला. नातीचे दोन्ही पाय आत वळलेत, रविवारी देवीला कौल लावणार, तोवर प्लास्टर नको, आणि हे सायलीला मी समजवायचं. शेवंतीने सोसलंय, तिचं सून ऐकेल, असं म्हणालात म्हणे. वयनी, जीभ अडखळली नाही?

माझी सिद्धी झाली तेव्हा तुम्ही अख्ख्या इब्रामपुरात सांगितलंत, शेवंतीने ग्रहणात आदोळीच्या पात्यावर भोपळा कापला, म्हणून पोरीचे पाय वाकडे. कापला होता मी. एकोणीस वर्षं तो भोपळा छातीवर घेऊन जगले. आता सांगा, सायलीने काय कापलं? होळीच्या ग्रहणात तिला तुम्ही खोलीत सरळ निजवून ठेवलीत, पाण्याचा घोटसुद्धा दिला नाहीत. तरी पाय वळलेच ना?

सिद्धीला सहा आठवडे सहा प्लास्टरं घातली. पाय सरळ झाले, तुम्हीही हात लावून बघितलेत. मग ते बूट, मधे लोखंडी पट्टी, चार वर्षं झोपताना घालायचे. तेवढ्यात चवथ आली. गणपतीच्या खोलीत, फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली आपण सगळ्या पोरं घेऊन निजायचो. तुम्ही म्हणालात, "देवासमोर पोरीला वहाणा घालून निजवतेस?" बूट गेले लाकडांच्या खोपीत. पाच दिवसांचे पंधरा झाले. मग तुम्ही कौल लावलात, पाकळी उजवी पडली, म्हणजे देवीलाच बूट नकोत. शिगम्यापर्यंत पाय परत वळले.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलेय. पुढचं कोणाला नाही.

बूट तुम्ही नाही काढलेत. मी काढले. तुम्हाला भिऊन, पण माझ्याच हातांनी. आणि डॉक्टरने विचारलं, रोज घालतेस ना, तेव्हा मी हो म्हटलं. त्याने विश्वास ठेवला. बुटांनी हिचं भागत नाही असं समजून ऑपरेशन करून तिचे पाय चिरले, दोनदा. अजून डावा पाय ओढते.

परवा मी सायलीच्या माहेरी गेले आणि सिद्धीला शेजारी बसवून हे सगळं सांगितलं. सिद्धीलाही ते तेव्हाच कळलं. तिने सलवार वर करून शिवणीचे व्रण सायलीला दाखवले. माझ्याकडे बघितलं नाही. सायली रडली नाही की काही नाही. म्हणाली, "काकी, कधी जायचं?"

काल पहिलं प्लास्टर घातलं.

आता तुमचं. सायली इब्रामपूरला येणार नाही. बाळंतपण आटोपलं की माझ्याकडे राहणार, बूट सुटेपर्यंत. निलेश इथूनच कामाला जाईल, त्याने कबूल केलंय. चार चवथी तुमच्या घरात मूल नसेल. माटोळी बांधा, खाली कोण निजतं ते बघा. लोक विचारतील, सून कुठे? खरं सांगा. नाही सांगितलंत तर मी येईन आणि देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगेन, तुमचं नाव घेऊन, माझंही घेऊन.

पोरीसाठी केलं असं लोकांना सांगेन. तुम्हाला खोटं कशाला सांगू, तुम्हाला लागावं म्हणूनही केलं. बरं वाटलं.

कौल खुशाल लावा. उजवा पडो की डावा, पोर माझ्याकडे आहे.

सिद्धी परवापासून माझ्याशी बोललेली नाही. माझं मी भोगतेय. तुमचं तुम्ही सुरू करा.

तुमचीच शिकवलेली,
शेवंती