कळव्याची उघाडी आणि माझी पाटी

कळवे, चैत्र वद्य ३०, शके १८०५

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी त्र्यंबकचे दंडवत. नाशिकची कोरडी हवा आपल्या गुडघ्यांना मानवली असेल आणि घाटाच्या पायऱ्या आता कुणाचा हात न धरता उतरत असाल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे माणसे. मिठाबद्दल पुढे लिहितो.) आपली सूनबाई (म्हणजे माझे कुटुंब) नमस्कार सांगते. ती माझ्याशी गेले आठ दिवस कामापुरतेच बोलते, पण प्रकृतीने ठणठणीत आहे.

पत्राचे अक्षर पाहून आपण दचकाल. ठाण्याच्या कचेरीत अठरा वर्षे नक्कलनविशी केलेल्या माणसाच्या ओळी अशा चढत-उतरत का गेल्या, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण आहे, पण ते न सांगता पत्र संपले तर मला अधिक बरे वाटेल.

दिवाळीनंतर निघताना आपण मला मिठागराच्या किल्ल्या दिल्यात आणि म्हणालात, त्र्यंबक, तुला काही करायचे नाही, नुसते तिथे असायचे आहे. मामा, खरे सांगतो, ते मला लागले होते. ज्याने अठरा वर्षे दुसऱ्याचे लिहिलेले उतरवून काढले, त्याला एकदा तरी आपल्या मनाने काहीतरी करावेसे वाटते. तेव्हा आपली गाडी दिसेनाशी झाल्यावर मी करण्यासारखे काय आहे ते शोधायला बांधावर गेलो. तिथे उघाडीशी ठमाबाई सापडली.

आपण जन्मभर पाहिलेली उघाडी मी आपल्याला समजावून सांगणे बरोबर नव्हे, पण गेले पंधरा दिवस मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतो आहे आणि आता सवय सुटत नाही. बांधाच्या तोंडाशी दोन दगडी खांब, खांबांना समोरासमोर खाचा, आणि त्या खाचांतून वर-खाली सरकणारे सागवानी दार. वर ओढले की खाडीचे पाणी आत, खाली सोडले की खाडी बाहेर. तर ठमाबाई ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उभी राहून, कोयतीने त्या खाचांत चिकटलेली कालवे, ती खाण्याची शिंपली, खरवडून टोपलीत टाकत होती. मला विचारले नव्हते. आपल्याला ती कधी विचारत होती का, हे मी आपल्याला विचारायला हवे होते. पण तितका वेळ कुणाला होता? मालकाच्या खांबावरची कालवे म्हणजे मालकाची, असा कायदा मी जागच्या जागी ठरवला आणि घरी जाऊन पाटी लिहिली. 'मालकाच्या परवानगीवाचून येथील कालवे काढू नयेत.' अक्षर असे वळणदार आले की मी ती दोन दिवस ओसरीवर ठेवली होती. मग आठ खिळ्यांनी खांबाशेजारच्या लाकडी मेढीला ठोकली. ठमाबाईला वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवली. तिने ऐकून घेतले, टोपली खाडीत पालथी केली, "बरं मालक" म्हणाली आणि गेली. माझा हुकूम इतक्या लवकर कुणी मानल्याचा तो पहिलाच प्रसंग. सूनबाईने मात्र त्या हिवाळ्यात दोनदा विचारले की दरसाल ठमाबाईकडून कालवांची हंडी येते ती यंदा का आली नाही. मी म्हणालो, पीक कमी असेल.

चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला मिठाच्या वाफ्यांसाठी पाणी घ्यायला उघाडी वर केली, ती परत खाली येईना. खालून हातभर उरले आणि दार अडले. राघोने (आपला राघो, जो मला मालक म्हणतो पण कुणाला तरी दुसऱ्याला म्हणत असल्यासारखा) फटीत चिखलाची पोती कोंबून वेळ निभावली. त्या पाण्याने कडेची मिठाची एक रास खालून विरघळली. लहानशीच होती. राघो म्हणाला, ठमाबाईला बोलवा. मी म्हणालो, दार अडले आहे, सुईण नको आहे. हे वाक्य मला तेव्हा फार चांगले वाटले होते.

मग मी निदान केले. लाकूड पाण्यात राहून फुगले, म्हणून अडले. हे निदान मी आजही चुकीचे म्हणणार नाही, फक्त त्याचा आपल्या दाराशी काही संबंध नव्हता. दार काढले, चौघांनी घरी आणले, अंगणात आठ दिवस उन्हात वाळवले. (पौर्णिमा सरली की भरती उतरत जाते, ती तोवर पोत्यांनी अडली.) सूनबाईला पापड-सांडगे घालायचे होते आणि अंगणात दार होते, तिच्या मौनाची सुरुवात तिथली. वाळल्यावर मी त्याला रंधा मारला. (रंधा अंगठ्यालाही लागतो. अंगठा आता बरा आहे.) परत नेऊन खाचेच्या तोंडाशी लावून पाहिले तर दार इतके सैल झाले होते की खुळखुळ वाजत होते. राघो म्हणाला, ठमाबाईला विचारू का. मी दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या. आता दार खाचेत असे चपखल बसले की मी पाच माणसांना बोलावून ते खाली सोडून दाखवले. दार निम्म्यावर गेले, ओले झाले, पट्ट्यांसकट फुगले आणि तिथेच थांबले. वर येईना, खाली जाईना. पाचांपैकी कुणी हसले नाही, हे मला जास्त लागले. तो परवाचा दिवस, चतुर्दशीच्या आदला. अमावास्येचे उधाण आज दुपारी बाराला यायचे होते, आणि निम्म्या उघड्या दाराच्या आत वर्षाचे सगळे मीठ राशी घालून उभे होते. आपले, आणि ज्यांनी ते ओढले त्या चौदा घरांचेही.

काल दिवसभर मी दारावर हातोडा चालवला. संध्याकाळी सूनबाई बांधावर आली, माझ्याकडे पाहिले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, "तुम्हांला मीठ वाचवायचं आहे की तुमची पाटी?" मामा, मला खरोखर थोडा विचार करावा लागला, याची लाज अजून वाटते.

आज सकाळी मी ठमाबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने आधी भाकरी संपवली, मग कोयती उचलली. बांधावर आली आणि पाटीपाशी थांबली. पाणी चढत होते. मी म्हणालो, चला. ती म्हणाली, "मालक, पाटी हाय." मी परवानगी दिली म्हणून सांगितले. ती जागची हलली नाही. शेवटी मी पाटी उपटायला गेलो, तर आठ खिळे मी इतक्या अभिमानाने ठोकले होते की एकही निघेना. ठमाबाईने स्वतःची कोयती माझ्या हातात दिली. तिच्याच कोयतीने मी माझे वळणदार अक्षर पाटीवरून खरवडून काढले.

मग ती कमरेइतक्या पाण्यात उतरली. आधी माझ्या पट्ट्या उचकटल्या. नंतर खाचेच्या तळाशी हात घालून मला मूठभर कालवे दाखवली. चार-पाच महिन्यांत ती खाचेत थरावर थर माजली होती आणि दार अडत होते ते त्यांच्यावर. दरसाल ती न चुकता खरवडून नेत होती म्हणून आपली उघाडी चालत होती, आणि मी ते पाटी लावून बंद केले होते. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "लाकूर पानी पिऊनच ऱ्हातं, मालक. तुमी त्याला उपाशी ठेवलाव." खाचा मोकळ्या झाल्या तसे दार सरळ खाली गेले. उधाण आले आणि बांधाला थापडा मारत बाहेर राहिले. मीठ वाचले. मला रडू आले, ते खाऱ्या वाऱ्यावर खपून गेले.

असो. आपण काळजी करू नये. गुडघ्यांना तेल लावत जावे. लहानांस आशीर्वाद, वडिलांस नमस्कार, आणि मला क्षमा.

आपला त्र्यंबक

ता. क. कडेची रास 'लहानशी' होती असे वर लिहिले आहे. आपण आल्यावर ती कुठे होती ते दाखवीन.

ता. क. दुसरा. मुख्य काम लिहायचे राहिले. मी ठमाबाईला पूर्वीसारखी येत जा म्हणालो. ती म्हणाली, "तुमी लिवलात, तुमीच काढलात. उद्या परत लिवाल. मोठ्या मालकाचा कागद येऊंद्या." तरी उघाडीवरची कालवे ठमाबाईची, असे आपल्या हाताने दोन ओळी लिहून पौर्णिमेच्या आत पाठवाव्यात. मी नक्कल करून पाठवली असती, पण ती माझे अक्षर ओळखते.

ता. क. तिसरा. अक्षराचे कारण. वाळवून, रंधा मारून दार इतके हलके झाले आहे की पाणी चढले की ते तरंगून वर येऊ पाहते. ठमाबाईने राघोकडे पाहिले, तो काडीसारखा. मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, लाकूड पाणी पिऊन जड होईतो कुणीतरी वर बसायला हवे. म्हणून हे सगळे पत्र मी दाराच्या वरच्या दांडीवर बसून, छत्री काखेत धरून लिहिले आहे. दौत शेजारच्या खांबावर एक लोखंडी कडीचा दगड पडला आहे, त्यावर ठेवली आहे. आताच राघो हळूच सांगून गेला की तो कडीचा दगड उघाडीचाच. दार हलके वाटले की वर्षानुवर्षे तोच दारावर ठेवतात, आणि ठमाबाईला हे माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. ती समोर बांधावर बसून कालवे फोडते आहे आणि मधूनमधून इकडे पाहते. मी राघोला गप्प राहायला सांगितले आहे. ओहोटी लागायला अजून तासभर आहे, तोवर बसतो.